कबड्डीच्या लिलावात आपल्या संघाचं चुकलं कुठं, हे वहीत कसं तपासायचं

प्रो कबड्डीत मराठवाड्याचा संघ नाही. त्यामुळे परभणी, सेलू, अंबाजोगाई, उदगीरकडचे कबड्डीवेडे वाटले गेलेत, कोणी पुणेरी पलटणचा तर कोणी यू मुंबाचा. लिलाव झाला की दोन्हीकडचे चिडतात: ह्याला का सोडलं, त्याच्यावर एवढे पैसे का उधळले, बदलीला कोणीच कसा घेतला नाही. हा राग खरा आहे आणि पुष्कळदा बरोबरही असतो. अडचण एवढीच, की तो हंगाम संपल्यावर निघतो. तोवर निकाल माहीत झालेला असतो आणि निकाल हातात असला की कोणालाही व्यवस्थापनाची चूक दिसते. निर्णय तपासायचा तर तो घेतला त्या दिवशी जे माहीत होतं त्यावरच तपासावा लागतो. म्हणून आपलं मत आधी लिहून ठेवायचं, तारखेसह. एक वही पुरते.

लिलावाआधी: सात जागा, चौदा नावं

संघ राखलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करतो, त्याच दिवशी वही उघडा. एका पानावर मॅटवरच्या सात जागा लिहा: डावा कॉर्नर, उजवा कॉर्नर, डावा कव्हर, उजवा कव्हर आणि तीन चढाईपटू. कॉर्नर म्हणजे टोकाचा बचावपटू, कव्हर त्याच्या आतल्या बाजूचा. प्रत्येक जागेपुढं दोन रकाने करा, एक मुख्य खेळाडूचा, दुसरा त्याच्या बदलीचा. राखलेली नावं भरली की रिकामे रकाने आपोआप समोर येतात. आपल्या संघाला लिलावात काय घ्यायचं आहे, ते ह्या रकान्यांत आहे. टीव्हीवर कोणाच्या नावाचा गाजावाजा चाललाय, त्याचा इथं काही संबंध नाही.

भरताना दोन गोष्टी पाहा. तिन्ही चढाईपटू एकाच बाजूनं आत शिरणारे असतील, तर समोरचा संघ त्या बाजूचा कॉर्नर-कव्हर घट्ट करून बसतो आणि आपली चढाई बांधली जाते. एक तरी डावा, एक तरी उजवा हवाच. दुसरं, कॉर्नर आणि त्याच्या शेजारचा कव्हर ही जोडी असते. कॉर्नरनं घोटा धरला आणि कव्हर अर्धा क्षण उशिरा आला, तर चढाईपटू ओढत ओढत रेषेपर्यंत पोचतो आणि दोघंही बाद होतात. दोन हंगाम एकत्र खेळलेली जोडी मोडली असेल तर वहीत तिथं लाल खूण करा. नवी जोडी जमायला सामने लागतात आणि त्या सामन्यांत गुण जातात.

मग प्रत्येक रिकाम्या जागेसाठी आपल्या मते जास्तीत जास्त किती बोली योग्य, तो आकडा लिहा. हा आकडा लिलावाआधीच लिहा, लिलाव सुरू झाल्यावर लिहिला तर तो धरायचा नाही.

पैशाचं गणित

दहाव्या हंगामापासून (२०२३) संघाची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा, ५ कोटींची झाली. संघात किमान १८ खेळाडू लागतात. राखलेल्या खेळाडूंची रक्कमही ह्याच पर्समधून जाते, हे बरेच चाहते विसरतात. 'पैसे होते तरी घेतलं नाही' असं म्हणण्याआधी उरलेली पर्स किती होती ते पाहा. जुन्या संघाला आपला खेळाडू परत हवा असेल तर फायनल बिड मॅच वापरता येतं, पण तेही शेवटच्या बोलीएवढेच पैसे मोजून. तिथं सवलत नसते.

तपासणी सोपी आहे. एका खेळाडूवर गेलेली रक्कम पर्समधून वजा करा आणि उरलेली सतरा जणांत वाटा. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. उरले २ कोटी ३९ लाख ५० हजार, म्हणजे माणशी जेमतेम १४ लाख. त्याच लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख लावले. माणशी साडेपंधरा लाख उरले. दोन्ही संघांची उधळण जवळपास सारखी. पण त्या हंगामात टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकून तळाला राहिले आणि पलटणनं अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून विजेतेपद घेतलं.

फरक रकान्यांत होता. पलटणकडं अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते असे स्वतः घडवलेले किंवा कमी पैशांत मिळालेले चढाईपटू आधीपासून होते. रिकामी जागा डाव्या कॉर्नरची होती, त्यांनी तीच भरली. टायटन्सकडं पवन बाद होऊन बाकावर बसला की चढाईला कोण जाणार, ह्याला उत्तर नव्हतं. त्यानं दोनशेच्या आसपास चढाई गुण मिळवूनही संघ हरत राहिला. मोठी बोली लावणं ही चूक नव्हती. एवढी मोठी बोली लावताना बदलीचे रकाने कोरे ठेवले, ही चूक होती, आणि ती लिलावाच्या रात्रीच दिसत होती.

उलट उदाहरण त्याच खेळाडूचं आहे. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजनं पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात तो जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेला. तरीही थलायवाज उपांत्य फेरीपर्यंत गेले, कारण नरेंदरसारखा नवा पोरगा बदलीच्या रकान्यात बसलेला होता आणि दोन्ही कॉर्नर पक्के होते. दुखापत हे नशीब. पण दुखापत झाल्यावर संघ उभा राहतो की कोसळतो, हे व्यवस्थापनाचं काम.

नाव विकत घेतलं की खेळ?

२०१७ च्या हंगामात प्रदीप नरवालनं ३६९ चढाई गुण मिळवले. तो विक्रम मोठाच आहे. पण २०२४ मध्ये बंगळुरू बुल्सनं त्याला ७० लाखांना घेतलं, तेव्हा पाहायला हवे होते ते लगतच्या दोन हंगामांचे आकडे. बुल्स त्या हंगामात तळाला राहिले. खापर एकट्या प्रदीपवर फोडणं चूक ठरेल, त्या संघात इतरही भगदाडं होती. तरी नियम लिहून ठेवा: चढाईपटूचे शेवटचे दोन हंगाम पाहायचे, त्याआधीचे सोडून द्यायचे.

आकडे कुठले पाहायचे, तर एकूण गुण नकोत. एकूण गुण जास्त चढाया करणाऱ्याचे वाढतातच. समजा, एका सामन्यात पहिल्या चढाईपटूनं २० चढायांत ९ गुण आणले आणि ६ वेळा पकडला गेला. दुसऱ्यानं १४ चढायांत ७ गुण आणले आणि २ वेळा पकडला गेला. बातमीत पहिल्याचं नाव येतं. पण पकडला गेला की समोरच्याला गुण मिळतो, म्हणजे पहिल्याची निव्वळ कमाई ३, दुसऱ्याची ५. शिवाय पहिला सहा वेळा बाहेर बसला. तो परत जिवंत होईपर्यंत त्याच्या वाटच्या चढाया कच्च्या पोरांना कराव्या लागल्या आणि लोण, म्हणजे सगळा संघ बाद होणं, बहुतेक अशाच वेळी बसतो. लोणाचे दोन गुण वेगळे जातात.

बचावपटूचंही तसंच. पकडीचे गुण पाहताना प्रयत्न किती होते ते शेजारी लिहा. दहा प्रयत्नांत चार पकडी यशस्वी झाल्या, तर उरलेल्या सहा वेळा त्यानं निदान एकेक गुण दिला, आणि कधी कधी मदतीला आलेला साथीदारही सोबत नेला. अर्ध्याहून जास्त प्रयत्न यशस्वी होत असतील तर तो कॉर्नर पैशाला जागतो. तीन किंवा कमी खेळाडू उरलेले असताना केलेल्या पकडीला एक गुण जास्त मिळतो, म्हणून सुपर टॅकल वेगळ्या मोजा. अडचणीत कोण उभा राहतो ते तिथं कळतं.

इकडं एक अडचण नेहमीची आहे. अलीकडं हंगाम बऱ्याचदा ऑक्टोबरात रंगात येतो, तेव्हा सोयाबीनची काढणी चालू असते आणि रोज रात्रीचे सामने पाहणं होत नाही. मग लोक मोबाइलवर हायलाइट्स पाहतात आणि त्यावरून मत बनवतात. हायलाइट्समध्ये रिकाम्या चढाया नसतात, चुकलेल्या घोटापकडी नसतात, आणि 'डू ऑर डाय'ला, म्हणजे दोन रिकाम्या चढायांनंतरच्या गुण आणावाच लागणाऱ्या तिसऱ्या चढाईला, कोणाला पाठवलं हेही नीट कळत नाही. सामना पाहायला वेळ नसेल तर हायलाइट्स सोडा आणि स्कोअरकार्ड वाचा. पाच मिनिटं लागतात. त्यात एकूण चढाया, यशस्वी, रिकाम्या आणि बाद असे वेगळे आकडे असतात, तेच वहीत उतरवा.

शादलूचं प्रकरण: राग कुठं योग्य, कुठं नाही

पलटणच्या चाहत्यांची सगळ्यात मोठी तक्रार ही. विजेतेपद मिळवून देणारा शादलू पुढच्याच लिलावात हरियाणा स्टीलर्सकडं २ कोटी ७ लाखांना गेला, आणि त्या हंगामात, २०२४ मध्ये, हरियाणानं पाटणा पायरेट्सला ३२-२३ हरवून करंडक उचलला. पलटणला प्लेऑफही गाठता आला नाही. निकाल पाहिला तर चूक उघड वाटते.

आता वहीनं तपासू. शादलूला परत घ्यायचं तर ५ कोटींतले २ कोटींहून जास्त एका कॉर्नरवर जाणार होते, आणि इनामदार, गोयत, शिंदे, गौरव खत्री ही तरुण फळी राखायचीच होती. पलटणनं फळी निवडली. लिलावाच्या दिवशी हा निर्णय समजण्यासारखा होता. पुढं हंगामात इनामदार जायबंदी झाला, तो नशिबाचा भाग. तक्रार करायची असेल तर ती इथं करा: शादलू जाणार हे ठरल्यावर डाव्या कॉर्नरच्या रकान्यात तेवढ्या ताकदीचं नाव आलं का, आणि इनामदार नसताना सामना ओढून नेणारा दुसरा कोण ठरवून ठेवला होता का? हे दोन प्रश्न व्यवस्थापनाला विचारण्याचा चाहत्यांना पूर्ण हक्क आहे.

त्याच्या पुढचा हंगामही वहीत जोडा. २०२५ मध्ये शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडं गेला आणि गुजरात प्लेऑफमध्ये पोचला नाही. पलटण गुणतक्त्यात पहिली आली आणि अंतिम सामना दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा हरली. एका हंगामात मूर्खपणा वाटलेला निर्णय दोन हंगामांत वेगळा दिसतो. म्हणून फळी घडवण्याचा निर्णय दोन हंगामांनी तपासा आणि एका मोठ्या नावाची खरेदी एका हंगामात.

हंगाम चालू असताना

प्रत्येक पराभवापुढं चारपैकी एक शब्द लिहा: खरेदी, वापर, दुखापत, नशीब. 'वापर' म्हणजे प्रशिक्षकाचं. माणूस संघात आहे पण बसवून ठेवलाय, सलग तीन सामने पकडला जाणारा पोरगाच तिसऱ्या चढाईला पाठवला जातोय, शेवटच्या दोन मिनिटांत आघाडी असताना कॉर्नर उगाच पुढं झेपावतोय. हे लिलावाच्या खात्यावर टाकू नका. एक-दोन गुणांचे पराभव सहसा नशिबाच्या रकान्यात जातात, पण असे पाच झाले तर तो वापर आहे.

पहिला हिशेब सात सामन्यांनंतर करा, त्याआधी नको. दुसरा निम्म्या हंगामाला. 'खरेदी' हा शब्द निम्म्याहून जास्त पराभवांपुढं असेल, तर व्यवस्थापनावरचा राग पुराव्यानिशी आहे. संघाच्या अधिकृत पानावर लिहायचं असेल तर तीन ओळी पुरेत: कुठली जागा रिकामी होती, किती पैसे उरले होते, आणि ते कुठं गेले. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला शिव्या देऊ नका. त्याला त्या जागी उभं करणारा दुसराच असतो.

हीच वही तालुक्याच्या लीगला

शिवजयंतीला, गणपतीत, उन्हाळ्यात इकडं जागोजागी लिलावाच्या लीग होतात. पैशाऐवजी पॉइंट असतात, एवढाच फरक. इथं संघमालक आणि चाहता पुष्कळदा एकाच कट्ट्यावरचे असल्यानं चुका लिलावाआधीच थांबवता येतात.

सगळ्यात जास्त संघ फसतात ते एका सूत्राअभावी. आत्ता जास्तीत जास्त बोली किती लावता येईल? उरलेल्या पॉइंटमधून (अजून घ्यायचे खेळाडू उणे एक) गुणिले मूळ किंमत, एवढं वजा करा. समजा १००० पॉइंट, १२ खेळाडू, मूळ किंमत ३०. पहिल्या बोलीला कमाल ६७०. पण ६७० लावले की उरलेले अकराही जण मूळ किमतीलाच घ्यावे लागतील, म्हणजे इतरांनी सोडलेले. म्हणून पहिल्या दोन खेळाडूंवर मिळून ४०० च्या वर जाऊ नका, आणि त्यातला एक कॉर्नर असू द्या. बहुतेक संघ दोन्ही चढाईपटू घेतात, आणि शेवटी कॉर्नरला कोणी उरत नाही.

नोंदणी अर्जावर विश्वास ठेवू नका. निम्मे जण 'ऑलराउंडर' लिहितात. मागच्या स्पर्धेत तो उभा कुठं होता, हे त्याच्या गावच्या पोरांना विचारा. ६५ किलोच्या गटात वजनकाट्यावर बसण्यासाठी दोन दिवस जेवण-पाणी तोडलेला पोरगा पहिल्याच सामन्यात पायात गोळे येऊन बसतो. एरवी वजन किती असतं ते विचारा, आणि ६८ च्या वर सांगितलं तर बोली उतरवा. मातीवर खेळणारा मॅटवर बुटात घसरतो, स्पर्धा मॅटवर असेल तर मॅटवर खेळलेला बदली कॉर्नर घ्या.

शेवटच्या तीन जागांसाठी निदान १५० पॉइंट हातात ठेवा. त्या वेळेपर्यंत बाकीच्यांचे पॉइंट संपत आलेले असतात, आणि जो कव्हर सुरुवातीला १०० ला गेला असता तो ५० ला मिळतो.