जात्याच्या खुंट्यापासून सुरुवात करा

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. माझ्या आईचं माहेर त्यांतलंच एक. मी इंदापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी कुणी ना कुणी ‘धरणात उठलेलं’ आहे. तरी ‘स्थलांतर’ हा धडा आला की पोरं व्याख्या पाठ करून मोकळी व्हायची. आता मी हा धडा घरातून सुरू करते. तुम्हालाही करता येईल, म्हणून लिहिते आहे.

आधी आपलं सांगा. बाईंनी स्वतःच्या घरातलं काही सांगितलं नाही, तर पोरांनी का सांगावं? आईनं बैलगाडीतून आणलेलं जातं माझ्या भावाच्या ओसरीवर आहे. ते काही शाळेत नेता येत नाही, म्हणून मी त्याचा खुंटा नेते. तो हातोहात फिरतो. घासून गुळगुळीत झालेली जागा पोरांच्या बोटांना लागते आणि प्रश्न आपोआप सुरू होतात.

मग घरी विचारायला चारच प्रश्न द्या. जुन्या गावातून आलेली वस्तू कोणती? कुणी आणली, कशातून आणली? तिकडं ती घरात कुठं असायची? काय आणता आलं नाही? ‘तेव्हा कसं वाटलं?’ हे मात्र विचारू देऊ नका. ज्याला सांगायचं असतं तो चौथ्या प्रश्नाला सांगतोच. आमच्याकडं वह्यांत दाराची चौकट आली, देव्हाऱ्यातले टाक आले, पितळी घंगाळ आलं. एका आजीनं चौथ्याचं उत्तर दिलं, ‘चिंच. आन् तिची सावली.’ पोरानं तेवढंच लिहिलं होतं. मी त्याला एक शब्दही वाढवायला सांगितलं नाही.

आजी-आजोबांना वर्गात बोलवायचं तर परिपाठानंतर बोलवा. जेवणाची सुट्टी जवळ आली की पोरांचं लक्ष खिचडीकडं जातं. खुर्ची द्या, पाणी ठेवा, पोरांना भोवती खाली बसवा. मोबाईलवर चित्रण करायचं असेल तर आधी विचारा, आणि ‘नको’ म्हटलं तर विषय तिथंच संपवा. बोलता बोलता त्या थांबल्या तर थांबू द्या. वर्गातली शांतता आपल्यालाच सहन होत नाही, पोरांना होते.

या सगळ्यात माझा सर्वांत आवडता भाग नकाशाचा. वर्गाच्या फरशीवर खडूनं जुनं गाव काढायचं. आजी सांगणार, पोरं काढणार: नदी, वेस, देऊळ, विहीर, कुणाचं घर कुठं. पण एकाच माणसावर थांबू नका. दुसऱ्या आळीतल्या कुणाला तरी बोलवाच. आमच्या पहिल्या आजींच्या नकाशात देऊळ मधोमध होतं. दुसऱ्या आजी आल्या, त्यांनी ते पार कडेला काढायला लावलं. पोरं म्हणाली, यातलं एक चूक आहे. आजी म्हणाल्या, ‘आमाला आत जाता येत नव्हतं. आमची वस्ती गावाबाह्यर. तितनं देऊळ लांबच दिसायचं.’ दोन्ही नकाशे महिनाभर पुसू दिले नाहीत. समाजशास्त्राच्या पुस्तकातली दहा पानं जे सांगू शकली नसती, ते त्या फरशीनं सांगितलं. म्हणून दोन सांगण्यांत फरक पडला, तर खरं-खोटं करायची घाई करू नका. सांगणारा कुठं उभा होता, हे आधी विचारा.

गणितही इथंच आहे. ‘उजनी वजा वीस’ हे पोरं दर उन्हाळ्यात ऐकतात, पण धरण शून्याच्या खाली कसं जातं हे त्यांना कळत नाही. फळ्यावर मांडा: उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), त्याच्या खाली मृतसाठा, म्हणजे तळाशी राखून ठेवलेलं पाणी, ६३ टीएमसीहून जास्त. उपयुक्त साठा संपला की शून्य टक्के. वजा वीस म्हणजे मृतसाठ्यातलं साधारण १०.७ टीएमसी पाणी उपसलं गेलं. एका पोराचे आबा म्हणाले होते, ‘वजा जसं वाढतं तसं आमचं गाव वर येतं.’ २०२४ च्या उन्हाळ्यात धरणात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, ते पोरांनी पाहिलंय. ऋण संख्या शिकवायला मला दुसरं उदाहरण लागत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं आमच्या वर्गात बसतात. एका वर्षी बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडच्या एका मुलीला मी सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, ‘तुम्ही घर सोडून येता, त्याबद्दल सांग.’ ती खाली बघत राहिली. पुढं तीन दिवस आलीच नाही. मी त्यांच्या कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर गेले. तिची आई म्हणाली, ‘बाई, तिला वाटलं तुम्ही सगळ्यांम्होरं आमची गरिबी इचारली.’ ते अजून माझ्या मनात सलतं.

तेव्हापासून मी कुणालाच ‘तुझी गोष्ट सांग’ म्हणत नाही. सगळा वर्ग एकच काम करतो: येण्याचा रस्ता काढायचा. घरापासून शाळेपर्यंत, नाहीतर जुन्या गावठाणापासून नव्यापर्यंत. ती मुलगी परत आली तेव्हा तिनं पाटोदा, जामखेड, करमाळा, टेंभुर्णी असा सगळा रस्ता काढला. ट्रॅक्टर कुठं थांबतो, पाणी कुठं मिळतं, वाढे (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना चारा म्हणून) विकत घ्यायला माणसं कुठं येतात, सगळं. एवढा लांब रस्ता वर्गात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. पोरं तिच्याभोवती गोळा झाली होती.

शेवटचं काम विसरू नका. सांगितलेलं सगळं स्वच्छ लिहून एक प्रत शाळेत ठेवा, एक ज्याच्या त्याच्या घरी द्या. टोळीतल्या पोरांची प्रत पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या आत तयार हवी, कारण पुढच्या वर्षी मुकादम कोणत्या कारखान्यावर नेईल हे त्यांनाही ठाऊक नसतं. दुसऱ्या गावी गेल्यावर तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून या पोरांना शिक्षण हमी कार्ड देतात; मी ती प्रत त्याच्याबरोबर एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोराच्या आईच्या हातात देते.