वळूच्या शुक्राणूंमधलं कॅल्शियम : या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

गोठित वीर्यावर काम करायला येणारे बहुतेक विद्यार्थी एकच आकडा विचारतात : कांडी (वीर्य भरून गोठवलेली बारीक नळी) वितळवल्यावर किती टक्के शुक्राणू हलले? मी त्यांना आणखी दोन प्रश्न विचारायला लावते. ते हलले कसे? आणि ३७ अंशांवर दोन तास ठेवल्यावर त्यातले किती हलत राहिले? दोन्ही उत्तरांचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा कॅल्शियम भेटतं.

शांत शुक्राणूच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या द्रवापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. पेशीपटलातला पीएमसीए४ हा पंप एटीपी (पेशीचं ऊर्जाद्रव्य) खर्चून ते सतत बाहेर टाकत असतो. आत येण्याची महत्त्वाची वाट म्हणजे शेपटीवरची कॅटस्पर वाहिनी. तिचा शोध २००१ मध्ये उंदरांत लागला. शुक्राणूच्या मानेतही कॅल्शियमचा छोटा साठा असतो. आतलं प्रमाण वाढलं की शेपूट एका बाजूला जोरात वळते आणि सरळ पोहणं सुटतं. हा जोर बीजांडाजवळ हवाच. पण तो कांडी वितळताच आला, तर शुक्राणू तिथवर पोचण्याआधीच थकतो.

गोठवताना नेमकं हेच घडतं. वीर्य ५ अंशांपर्यंत थंड होताना शुक्राणूच्या पेशीपटलातली मेदद्रव्यं थिजतात, त्यांची मांडणी विस्कटते आणि कॅल्शियम आत झिरपतं. थंडीत पंपही मंदावलेला असतो. वळूच्या शुक्राणूपटलात माणसाच्या मानाने कोलेस्टेरॉल कमी, त्यामुळे शीतधक्का त्याला जास्त बाधतो. वितळल्यावर जिवंत राहिलेले बरेच शुक्राणू कपॅसिटेशन (फलनाआधी मादीच्या जननमार्गात होणारी शुक्राणूची तयारी) झाल्यासारखे वागतात. यालाच क्रायोकपॅसिटेशन म्हणतात, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. गोठवण्याआधी वीर्यात मिसळतात त्या अंड्याच्या बलकाचं महत्त्वही इथेच कळतं : त्यातलं एलडीएल (मेद आणि प्रथिनं मिळून बनलेले कण) वीर्यद्रवातल्या बीएसपी नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून ती पटलातलं कोलेस्टेरॉल ओढून काढू शकत नाहीत.

मग डायल्युटरमधलं (वीर्य पातळ करून टिकवणाऱ्या द्रवातलं) सगळं कॅल्शियम ईजीटीए या कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाने बांधून टाकावं का? इतकं सोपं नाही. शेपटीला चालना देणारा सीएएमपी हा संदेशरेणू तयार करणारं एन्झाइम बायकार्बोनेटबरोबर कॅल्शियमलाही प्रतिसाद देतं. शिवाय ट्रिस-सायट्रेट डायल्युटरमधलं सायट्रेट स्वतःच कॅल्शियम बांधतं. म्हणून जेवढं कॅल्शियम क्लोराइड घातलं, तेवढं मुक्त कॅल्शियम शुक्राणूला मिळालं असं धरू नका.

मोजमापात दोन गोष्टी सांभाळा. फ्लुओ-४ (कॅल्शियमला बांधलं की चमकणारा रंग) वापरताना सोबत प्रोपिडियम आयोडाइड (पटल फाटलेल्या पेशींतच शिरणारा रंग) घाला आणि पटल फाटलेल्या पेशी हिशेबातून वगळा. नाहीतर मेलेल्यांचा आकडा जिवंतांच्या नावावर जमा होतो. कासा (सीएएसए, शुक्राणूंची हालचाल मोजणारी संगणकीय यंत्रणा) वर व्हीसीएल (वळणावळणाच्या प्रत्यक्ष मार्गावरचा वेग) आणि डोक्याचं आडवं हेलकावणं वाढलेलं, पण सरळपणा घटलेला दिसला, तर तो नमुना चांगला गोठला असं लगेच लिहू नका. तो अतिसक्रिय झालेला असू शकतो. तोच नमुना दोन तासांनी पुन्हा बघा.

प्रयोगाच्या मांडणीबद्दल मी फार आग्रही आहे. एकच स्खलन दोन भागांत वाटा, एक नियंत्रण, दुसरा उपचार. कारण एका वळूचं वीर्य उत्तम गोठतं आणि शेजारच्या गोठ्यातल्याचं तसं गोठत नाही. आणि एकाच वळूची अनेक स्खलनं म्हणजे अनेक वळू नव्हेत. सांख्यिकीत नमुनासंख्या वळूंवरून ठरते, म्हणून वळू किती मिळणार हे विषय नक्की करण्याआधीच मार्गदर्शकांना विचारून घ्या.