सगळ्यांच्या हाती तोच इश्यू येतो? पान चिठ्ठीने ठरवा

नाशिकला कॉलेज रोडवर आमचा ओपन सोर्सवाल्या (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या) पोरापोरींचा गट रविवारी बसतो. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर इश्यूंची, म्हणजे प्रोजेक्टमधल्या नोंदवलेल्या चुका आणि करायच्या कामांची, यादी आपोआप नव्यापासून जुन्याकडे लागते. मग सगळे वरच्या चार-पाचांवरच तुटून पडतात आणि खालचे चांगले इश्यू वर्षानुवर्षे पडून राहतात. त्यावर हा उपाय:

१. लेबलमध्ये 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांना जमण्याजोगी कामं) निवडा आणि असाइनी नसलेलेच, म्हणजे कुणाच्या नावावर न दिलेले, इश्यू ठेवा.

२. सॉर्टमध्ये सगळ्यांनी 'ओल्डेस्ट' लावा. हे महत्त्वाचं आहे. 'रीसेंटली अपडेटेड' ठेवलं तर कुणीतरी एक कमेंट टाकताच तो इश्यू उडी मारून वर येतो आणि सगळ्यांची पानं सरकतात. 'ओल्डेस्ट'मध्ये नवे इश्यू शेवटाला जातात, मधली पानं बहुतेक जागेवर राहतात.

३. एका पानावर 25 इश्यू असतात. म्हणजे 180 खुले असतील तर 8 पानं. तेवढ्या चिठ्ठ्या करा, प्रत्येकाने एक उचलायची आणि त्याच पानावरचं काम घ्यायचं.

एकटेच असाल तर इश्यूंची नावं गूगल शीट्समध्ये एकाखाली एक टाका, सगळी निवडा आणि डेटा मेनूतून 'रँडमाइझ रेंज' करा. यादृच्छिक आकडे देणारा रँड फॉर्म्युला नको, शीटमध्ये काहीही बदललं की त्याचे आकडे पुन्हा बदलतात.

मात्र असाइनी नाही म्हणजे इश्यू मोकळाच आहे असं धरू नका. आधी खालच्या कमेंट वाचा, पुल रिक्वेस्ट (कुणीतरी आधीच पाठवलेला कोडमधला बदल) जोडलेली आहे का ते बघा. असेल तर सरळ पुढचा घ्या.