जड बारवरून बॉडीबिल्डिंगकडे: पहिल्या सोमवारच्या आधीची तयारी

पाच-पाच रेप्सच्या, म्हणजे सलग पाच वेळा उचलायच्या, सेटमध्ये स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट करत वर्ष-दोन वर्षं काढली असतील आणि आता शरीर घडवायचं मनात असेल, तर लगेच नवं रूटीन सुरू करू नका. आधी एक आठवडा हलका काढा: नेहमीच्या निम्मे सेट, वजनही कमी. जड वजनांनी कोपरं, गुडघे, कंबर शिणलेली असतात आणि पुढे त्यांनाच जास्त सेट सोसायचे आहेत. एखादं जुनं दुखणं अंगावर काढत असाल तर याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या.

नवी वही आणा आणि शिंप्याकडे असते तशी टेप आणा. आजवर वहीत बारवरचे किलो लिहिले, आता दंड, छाती, बेंबीपाशी कंबर, मांडी आणि पोटरी यांची मापं लिहायची. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आत, सात दिवस वजन करा आणि त्याची सरासरी धरा. एकाच खिडकीसमोर, एकाच वेळी समोरून, बाजूने आणि पाठीमागून फोटो काढून ठेवा. जुने जड आकडेही पहिल्या पानावर उतरवा, सहा महिन्यांनी ते बघावेसे वाटतील.

जिमची वर्षाची फी भरण्याआधी संध्याकाळी सातला तिथे जाऊन या. लालबाग-परळच्या जुन्या व्यायामशाळांवर माझा जीव आहे. तिथे चांगला बार आणि भरपूर प्लेट मिळतात, पण केबल, लेग प्रेस आणि अडीच-अडीच किलोंच्या फरकाने डंबेल आहेत का, ते बघून घ्या. सोमवारी सगळी मुंबई चेस्ट मारते, बेंच रिकामा मिळत नाही. म्हणून सोमवारी पाय ठेवा. चार दिवस जमत असतील तर दोन दिवस वरचं अंग आणि दोन दिवस खालचं, ही वाटणी मला सगळ्यात सरळ वाटते.

आता खरी तयारी, ती हाताची आणि डोक्याची. ताकदीच्या व्यायामात आपण बारचा रस्ता कमी करायला शिकतो: बेंचवर पाठीची कमान, रुंद पायांचा डेडलिफ्ट. स्नायू वाढवताना रस्ता लांब हवा आणि भार स्नायूवर हवा. बेंचची कमान उतरवा, डंबेल घ्या, दोन-तीन सेकंद लावून खाली आणा आणि छाती ताणली गेली की तिथे क्षणभर थांबा. शंभर किलोंची बेंच मारणाऱ्याला लॅटरल रेझला, म्हणजे हात बाजूला खांद्यापर्यंत उचलताना, सहा किलोंचं डंबेल घेताना हात आखडतो. आजूबाजूला कोण बघतंय, असंही वाटतं. तरीही सहाच घ्या. आधी मी दहाची उचलत होतो, तर खांद्याऐवजी मान भरून यायची. सहावर आलो, कोपर पुढे ठेवलं, झोका बंद केला आणि बाराव्या रेपला खांद्याच्या बाहेरच्या गोळ्यात पहिल्यांदा आग जाणवली.

कमावलेली ताकद वाया जाईल ही भीती मनातून काढा. रॉनी कोलमन आधी पॉवरलिफ्टिंग करायचे आणि पुढे १९९८ ते २००५ सलग आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचे विजेते झाले. आठवड्यात एक मोठा व्यायाम तीन ते पाच रेप्समध्ये ठेवलात की ताकद बरीचशी टिकते.

सेट मात्र हळूहळू वाढवा. प्रत्येक स्नायूला आठवड्याला दहा सेटपासून सुरुवात करा आणि झेपतंय असं दिसलं तरच काही आठवड्यांत पंधरा-वीसपर्यंत जा. रेप्स बहुतेक आठ ते पंधरा, आणि अजून एक-दोन निघाले असते अशा जागी थांबा. पूर्ण फेल्युअर, म्हणजे पुढचा रेप निघेनासा होईपर्यंत जाणं, मशीनवर चालेल, स्क्वॉटमध्ये नको. मोठ्या व्यायामाला दोन-तीन मिनिटं गॅप, छोट्याला एक-दीड मिनिट पुरे. मी पहिल्याच दिवशी पायांचे वीस सेट मारले आणि पुढचे दोन दिवस दादरच्या पुलाचे जिने कठडा धरून उतरलो. त्या आठवड्यातला पायांचा दुसरा दिवस हुकला, म्हणजे त्या वीस सेटचा फायदा शून्य.

खाण्याची सोय घरी बोलून आधीच लावा. वजनाच्या दर किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ७५ किलोंच्या माणसाला निदान १२० ग्रॅम. चार अंडी सुमारे २५ ग्रॅम देतात, पाव किलो चिकन पन्नासच्या आसपास, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स साधारण २५, आणि १०० ग्रॅम पनीर १८ ते २०. वरण-भातावर हा आकडा गाठणं कठीण आहे. श्रावण पाळत असाल तर सोया, पनीर, दही यांचा हिशेब आताच करा. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, सोबत दूध आणि पनीर घ्या. लोकलने लांब जाणाऱ्यांनी उकडलेली अंडी डब्यात घ्यावीत, पण मे महिन्यात ती दुपारपर्यंत ठेवू नयेत. कॅलरी रोजच्यापेक्षा दोन-तीनशेच वाढवा. मुंबई श्रीसारख्या स्पर्धेच्या स्टेजसाठी चरबी उतरवणं ही वेगळी तयारी आहे, ती आत्ता नको.

ताकदीसाठी घेतात ती क्रिएटिनची पावडर रोज ३ ते ५ ग्रॅम पुरते. रक्ततपासणी करणार असाल तर डॉक्टरांना ते घेत असल्याचं सांगा, कारण त्याने क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर, घ्यायचं तर सीलबंद आणि बिलासकट. आणि कुणी लॉकरपाशी बोलावून ‘कोर्स’, म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शनं, सुचवला, तर सरळ नाही म्हणा. त्या इंजेक्शनांनी हृदयाला आणि शरीरातल्या हॉर्मोन्सना धोका पोहोचतो. विशीतल्या मुलांना मी हे हात जोडून सांगतो.

रविवारी रात्री बॅग भरा: दोन टॉवेल, कारण आपल्या दमट हवेत एक तिसऱ्या सेटलाच ओला होतो, पाण्याची मोठी बाटली, आणि रोइंगला पाठीआधी पकड सुटू नये म्हणून मनगटाला आणि बारला गुंडाळायचे स्ट्रॅप्स. वहीत सोमवारचे व्यायाम आणि सेट लिहून ठेवा, वजनाची जागा मोकळी सोडा. जुना बेल्टही टाका, गुरुवारच्या जड स्क्वॉटला लागेल.