किल्लारीच्या भूकंपग्रस्तांना आज मदत करायची तर

३० सप्टेंबरला, भूकंपाच्या स्मृतिदिनी, हार घेऊन जायचं असेल तर जरूर जा, पण त्याला मदत म्हणू नका. कामासाठी जायचं तर पेरणी-काढणीची घाई नसेल तेव्हा जा. आणि गणपतीत जरा जपून बोला. १९९३ साली पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला, ती अनंत चतुर्दशीची रात्र होती. कॅलेंडरवरची तारीख यायच्या आधीच घरोघरी आठवण आलेली असते.

जुने कपडे, ब्लँकेटं नेऊ नका. घरात गेल्यावर ‘तुमचे किती गेले?’ विचारू नका. जुन्या गावात घर कुठल्या गल्लीत होतं, शेजार कोणाचा होता, ते विचारा. बाकीचं सांगायचं तर तेच सांगतील.

खरी मेख कागदांत आहे. ५२ गावं नव्या जागी वसली. घरं मिळाली ती जमिनीच्या हिशोबाने, २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची. वाटपाच्या यादीत आजोबांचं नाव लागलं. पुढे आजोबा गेले, मुलं वेगळी झाली, अंगणात पत्रे टाकून दुसरी चूल पेटली. नाव अजून आजोबांचंच. ‘आमच्याकडे नमुना ८ आहे की!’ असं घरचे ठासून सांगतील. मान डोलावू नका. तो घरपट्टीचा उतारा आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. कबाला, म्हणजे घराच्या मालकीचा कागद, किंवा वाटपाचा आदेश शोधायला लावा. बहुधा पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली सापडतो. नसेलच, तर यादीच्या नकलेसाठी तहसीलला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी चौकशी म्हणजे नुसता हेलपाटा.

नक्कल मिळाली की नावं अक्षरन् अक्षर ताडून पाहा. यादीत ‘ज्ञानोबा’, आधारवर ‘ज्ञानेश्वर’. मीही इथेच बरेच दिवस अडकलो होतो. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधी करा, वारस नोंदीचा अर्ज त्यानंतर. उलटं केलंत तर त्रुटी काढून अर्ज परत आलाच म्हणून समजा. आणि वारसांत बहिणींची नावं गाळू देऊ नका. ‘ती नांदतीय तिकडं, तिला काय करायचंय?’ असं हमखास ऐकायला मिळेल. तिथे अडून बसा, चहा गार झाला तरी चालेल.

घरात कोणी भरतीची तयारी करत असेल तर भूकंपग्रस्त दाखल्याचं विचारा. सरकारी भरतीत भूकंपग्रस्तांसाठी २ टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच धरलेला राखीव वाटा) आहे, हे कित्येक पोरांना ठाऊकच नसतं. दाखला कोणाच्या नावावर निघू शकतो, ते जिल्हाधिकारी कार्यालयातल्या पुनर्वसन शाखेत विचारा. एजंटाला विचारू नका.

मूळ कागद घरी नेऊ नका. झेरॉक्स काढा आणि मूळ त्याच दिवशी घरच्यांसमोर पेटीत परत ठेवा.