पाऊस आला आणि माल संपला : हंगामी धंद्यातल्या या चुका टाळा

रविवार, २५ मे २०२५. सकाळी साडेआठला शटर वर केलं तेव्हा पायरीवर सात-आठ जण भिजत उभे होते. फलटणसारख्या दुष्काळी पट्ट्यात मे महिन्यात असा पाऊस मी पाहिलेला नव्हता. तिकडे बारामतीजवळ नीरेचा डावा कालवा फुटला होता, इकडे कांदा उघड्यावर भिजत होता. अकराच्या आत ताडपत्री संपली. दुपारपर्यंत रेनकोटात उरले ते दोन ट्रिपल एक्सएल आणि बाळांचे चार गुलाबी. एक ओळखीचा शेतकरी रिकाम्या फळीकडे बघत म्हणाला, "मालक, अजून मिरग न्हाई लागला, आन् तुमचा माल संपला बी?"

खरं तर माल संपलेला नव्हता. तो आलेलाच नव्हता. माझी मोठी ऑर्डर जूनच्या पहिल्या आठवड्याची होती.

त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला मी "पाऊस अचानक आला हो" असं सांगत होतो. पण हवामान खात्याने १० मे रोजीच सांगितलं होतं की मान्सून केरळात २७ मेच्या आसपास येईल, चार दिवस मागेपुढे. एरवी तो १ जूनला येतो. प्रत्यक्षात २४ मे रोजी आला, दुसऱ्या दिवशी देवगडपर्यंत आणि २६ तारखेला पुण्या-मुंबईत. ती बातमी मी वाचली होती, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर पुढेही ढकलली होती. फक्त पुण्याच्या ठोकवाल्याला फोन करायचा राहिला. तेव्हा पुढे ज्या चुका सांगतोय, त्यातल्या बहुतेक माझ्याच आहेत.

गेल्या वर्षीची तारीख धरून बसणं

मुंबईत मान्सून पोहोचला ती तारीख तीन वर्षांची बघा : २०२३ मध्ये २५ जून, २०२४ मध्ये ९ जून, २०२५ मध्ये २६ मे. म्हणजे महिन्याचा फरक. आता या तिन्ही वर्षांत दुकानदाराच्या डोक्यात काय चाललं असेल ते पाहा. २०२३ साली मेमध्ये भरलेला माल जून संपत आला तरी हलेना. पैसे अडकले, ठोकवाल्याचे फोन सुरू झाले. त्या वर्षीची धास्ती पुढे दोन वर्षं टिकली आणि २०२५ साली नेमकी अंगावर आली. उरलेला माल रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून लक्षात राहतो. परत गेलेलं गिऱ्हाईक तसं समोर राहत नाही.

आपल्या धंद्यात कॅलेंडरं दोन आहेत, आणि त्यांची गल्लत होते. पाऊस नक्षत्रावर मोजायचा. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, दर वर्षी जवळपास त्याच तारखांना. वारी, गणपती, दिवाळी मात्र तिथीवर. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे थेट २५ जुलैला. माउलींची पालखी आमच्याकडे एकादशीच्या साधारण आठवडाभर आधी असते. त्या एका मुक्कामात "माउली, कागद हाय का डोक्यावर घ्यायला?" म्हणणारे शेकडो लोक येतात. मागच्या वर्षीची विक्रीवही उघडून "जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन हजार प्लास्टिकचे कागद" असं पाहून तोच आकडा त्याच तारखेला लावला, तर पालखीला खडखडाट आणि जूनमध्ये ढीग, हे ठरलेलं. वहीत इंग्रजी तारखेशेजारी तिथी आणि नक्षत्र लिहा. जुने लोक लिहायचे, आपण कॉम्प्युटर आल्यावर सोडलं.

आता मी पावसाळी मालाचा पहिला गठ्ठा १० मेच्या आत दुकानात आणतो. एकूण अंदाजाच्या तिसराच हिस्सा, पण सगळ्या जाती-मापांचा. बाकीचा माल बातम्यांवर नजर ठेवून.

फक्त खप मोजणं, आणि माल यायला लागणारे दिवस विसरणं

ही चूक सगळ्यात महागाची. हिशेब मांडून दाखवतो.

मेच्या शेवटी माझ्याकडे रोज सहा रेनकोट जातात. पुण्याच्या रविवार पेठेत फोन केला की ट्रान्सपोर्टने चार दिवसांत गठ्ठा पोहोचतो. म्हणजे ऑर्डर देताना हाताशी चोवीस नग हवेत. वर एक डझन जास्तीचे धरले तरी छत्तीस. वर्षानुवर्षं हे पुरत होतं.

पाऊस कोसळल्यावर रोजची मागणी चाळीसवर गेली. छत्तीस नग पहिल्याच संध्याकाळपर्यंत संपणार हे दिसतंच आहे. पण त्याच दिवशी सातारा, सांगली, सोलापूर, नगर, सगळीकडच्या दुकानदारांनी त्याच पेठेत फोन लावलेले असतात. तिथे माल भरायला माणसं तेवढीच, टेम्पो तेवढेच. चार दिवसांचे नऊ होतात. चाळीस गुणिले नऊ, म्हणजे तीनशे साठ. चोवीसचे तीनशे साठ झाले, पंधरापट! गिऱ्हाईक वाढलं ते सातपटही नव्हतं. वरचा फरक उशिराचा आहे, आणि तो दुकानातल्या कुठल्याच वहीत दिसत नाही.

तीनशे साठ रेनकोट कुणी आधीपासून भरून ठेवणार नाही, मीही नाही. पण बिलावर एक गोष्ट लिहायला सुरुवात केली : ऑर्डरची तारीख आणि गठ्ठा उतरल्याची तारीख. दोन हंगामांत कळलं की माझा एक पुरवठादार गर्दीत पाच दिवसांवर जात नाही, दुसरा बाराव्या दिवशी उगवतो. दुसऱ्याचा दर नगामागे आठ रुपयांनी कमी आहे. एप्रिलमध्ये मी त्याच्याकडून घेतो, जूनमध्ये त्याला फोनच करत नाही.

"नाही" कुठेच न लिहिणं

बिलिंगच्या मशीनला विचारलं, "२५ मे रोजी ताडपत्री किती गेल्या?" तर ते सांगतं, एकोणीस. कारण एकोणीसच होत्या. पुढच्या वर्षी त्याच आकड्यावर ऑर्डर दिली की पुन्हा एकोणीसच जाणार, आणि मशीन म्हणणार, बघा, अंदाज किती बरोबर!

त्या रविवारी माझी पुतणी गल्ल्याशेजारी बसली होती. काम नव्हतं म्हणून तिला शाळेची जुनी वही दिली आणि सांगितलं, आपण ज्याला "नाही" म्हणू त्याची रेघ ओढ. संध्याकाळचं पान असं होतं : ताडपत्री १५ बाय १८, सत्तावीस रेघा. १८ बाय २४, अकरा. लेडीज रेनकोट एक्सएल, बावीस. शाळेच्या मुलांचे मधल्या मापाचे, सोळा. गमबूट आठ नंबर, नऊ. काळी मोठी दांड्याची छत्री, तीन. खाली तिने स्वतःच्या मनाने लिहिलं होतं, "मोबाईलची पिशवी, १४". पाण्यात फोन भिजू नये म्हणून गळ्यात अडकवायची ती प्लास्टिकची पिशवी. ती मी कधी ठेवलीच नव्हती, त्यामुळे ती मागतात हेही ठाऊक नव्हतं.

त्या वहीला आता आमच्याकडे "नाही-वही" म्हणतात. खर्च दोन रुपये रिफिलचा. एकच गणनेचा घोळ सांभाळा : एकच माणूस तीन दुकानं फिरून चौथ्या, म्हणजे तुमच्या दुकानात येतो, तेव्हा गावातल्या चार वह्यांत चार रेघा पडतात. म्हणून पुढची ऑर्डर देताना मी रेघा जशाच्या तशा धरत नाही, निम्म्या धरतो.

मापांचा डझन आंधळेपणाने घेणं

गठ्ठा येतो तो प्रत्येक मापाचे सारखे नग घालून. गावात माणसं सारख्या मापांची नसतात. लार्ज आणि एक्सएल दोन दिवसांत उडतात, स्मॉल दिवाळीपर्यंत फळीवर. बाहेरून दुकान भरलेलं दिसतं, आत घ्यायला काही नसतं. माप निवडून गठ्ठा भरून द्या म्हटलं की ठोकवाला कुरकुरतो, पण एप्रिलमध्ये म्हटलं तर देतो. जूनमध्ये तोंड उघडायची सोय नसते.

आणि माळा आधी पाहा. जुलैत आकाशकंदील काढायची शिडी लावली तेव्हा त्यांच्या खोक्यांमागे मला दोन डझन घडीच्या छत्र्या सापडल्या. मागच्या वर्षीच्या. यावर जास्त लिहीत नाही.

घाबरून तिघांना ऑर्डर देणं

माल तुटला की आपण तीन ठोकवाल्यांना तीच ऑर्डर देतो. जो आधी देईल त्याचा घ्यायचा, बाकी दोघांना "राहू दे शेठ". ठोकवाल्याला वाटतं मागणी तिप्पट झाली, तो कारखान्याकडे त्याहून जास्त मागतो. मग आठवडाभर उघडीप पडते, ऑर्डरी रद्द होतात, आणि गोदामात ढीग लागतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या मोठ्या कंपनीच्या लक्षात आलं होतं की बाळं तर रोज सारखेच डायपर वापरतात, पण कंपनीपर्यंत येणाऱ्या ऑर्डरी मात्र वरखाली उड्या मारतात. व्यवस्थापनशास्त्रात याला चाबकाची उपमा देतात : मुठीजवळ मनगट जरासं हलतं, टोकाला फटका बसतो. आपण मनगटाकडचे. आपल्याला वाटतं आपण काय केलं, फक्त दोन फोन जास्तीचे.

शिवाय ठोकवालाही शहाणा असतो. ज्याने गेल्या वर्षी "राहू दे" म्हटलं आणि ज्याची मार्चची उधारी अजून बाकी आहे, त्याचा गठ्ठा टंचाईत सगळ्यात शेवटी भरला जातो. हंगामाआधी उधारी मिटवणं हा माल मिळवायचाच भाग आहे. एका वर्षी मी हे नऊ दिवस थांबून शिकलो.

सगळाच माल एका मापाने तोलणं

"उरलं तर?" या भीतीचाही हिशेब करता येतो. छत्री १८० ला आली, २५० ला गेली, तर नफा सत्तर. उरली तर दहा महिने पैसे अडकले. महिना दीड टक्क्याने सत्तावीस रुपये व्याज. म्हणजे छत्री कमी पडण्याचा फटका सत्तर, उरण्याचा सत्तावीस. दोन्ही मिळून सत्त्याण्णव, त्यात सत्तरचा वाटा दहात सात; म्हणून अशा मालाचा साठा दहापैकी सात हंगामांत कमी पडणार नाही इतका हवा. बहुतेक जण भीतीपोटी दहापैकी पाचच हंगामांत पुरेल इतका ठेवतात. ताडपत्रीचंही तसंच. उन्हात पडली तर विरते, पण गोदामात घडी घालून उंदरांपासून जपली की पुढच्या वर्षी तीच विकते. स्वस्तातले प्लास्टिकचे रेनकोट मात्र उन्हाळ्यात पत्र्याखाली एकमेकांना चिकटतात, ते बेतानेच.

आणि पाडव्याच्या साखरेच्या गाठ्या? त्या दुसऱ्या दिवशी कोण घेतं? गुढी उभारून झाल्यावर अकरा वाजता माझ्याकडच्या गाठ्या संपल्या तर मी खूश असतो. तिथे माल संपणं ही चूक नाही, तिथे उरणं चूक. बायको म्हणते, मग एक तरी आपल्या घरासाठी ठेवायची होती.

आज माल संपलाच आहे, तर

फळीवर पाटी लावा : कोणता माल, कोणत्या दिवशी येणार. "येईल उद्या-परवा" म्हणू नका. गिऱ्हाईक दोनदा हेलपाटा घालतं, तिसऱ्यांदा येत नाही. ताडपत्री एका माणसाला दोनच, हा नियम पहिल्या तासापासून लावा. सगळी एकाने उचलल्यावर लावून उपयोग नाही. एमआरपीवर दहा रुपयेसुद्धा घेऊ नका, तो गुन्हा आहे, आणि गाव लहान असतं.

मग पर्याय शोधा, आपल्या दुकानाबाहेर. त्या रविवारी दुपारी दोनला मी छत्री घेऊन शेततळ्याचा कागद, म्हणजे तळ्यात अंथरायचं जाड प्लास्टिक, विकणाऱ्या दुकानात गेलो. त्याच्याकडे कापून उरलेले मोठे तुकडे पडून होते, मेमध्ये त्यांना कुणी विचारत नव्हतं. जाड, जड, घडी नीट न होणारे. कांदा झाकायला मात्र उत्तम. टेम्पोत घालून आणले, मीटरवर कापून विकले. संध्याकाळपर्यंत नाही-वहीतल्या सत्तावीस रेघांपैकी नऊ जणांना फोन लागले. सात जण आले. सकाळी मिरगाचं बोलणारा त्यातलाच एक. त्याने कागद हातात घेऊन वाकवून पाहिला, म्हणाला, "ह्यो पुढल्या सालाला बी जाईल," आणि चार मीटर जास्तीचा मागितला.