पंधरा आधी, दोन नंतर

सांगलीत इंजिनिअरिंगला आलेली पोरं ग्रंथालयात हमखास चकतात ती कॉल नंबरातल्या, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणाऱ्या आकड्यातल्या, पॉइंटपाशी. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवरल्या पुस्तकांच्या यादीत, ६२४.१५ दिसतं आणि कपाटात ते ६२४.२ च्या पुढे शोधतात, कारण पंधरा मोठे! ड्यूई पद्धतीत (विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याची पद्धत) पॉइंटनंतर एकेक अंक सुटा वाचायचा. एक दोनाच्या आधी, म्हणून ६२४.१५ (पायाचं काम) आधी आणि ६२४.२ (पूल) नंतर. सांगलीच्या आयर्विन पुलाविषयी सेमिनार असेल तर सरळ ६२४.२ गाठा आणि डावी-उजवीकडची पुस्तकंही चाळा. तोच विषय शेजारी असतो. कधीकधी हवं त्यापेक्षा बरं पुस्तक तिथंच हाती लागतं.

आकडा सारखाच असेल तर खालची अक्षरं बघा, बहुधा लेखकाच्या आडनावाची पहिली तीन असतात. आकड्याआधी ‘आर’ असेल तर पुस्तक संदर्भ विभागात, सहसा घरी मिळत नाही.

कॉम्प्युटर ‘उपलब्ध’ म्हणतो पण जागेवर नाही? वाचनकक्षातली टेबलं आणि परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली बघा. आणि वाचून झालेलं पुस्तक अंदाजानं कपाटात खुपसू नका, टेबलावरच ठेवा. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक ग्रंथपालांनाही सापडत नाही.